बिनडोळ्यांचे राघू

फार जुनी गोष्ट आहे. दारांना आतून कडी लावायला माणसं नुकतीच शिकली होती, तेव्हाची.

रानाच्या कडेला एक गाव होतं. गाव गरीब, पण घरं अशी देखणी की वाटसरू थबकून बघत राहायचे. त्या गावात काही फुकट जात नसे. विरलेल्या लुगड्यांच्या चिंध्यांतून राघू शिवले जात आणि त्यांची तोरणं दारांवर चढत. करवंट्या घासून त्यांचे दिवे होत. वाळक्या भोपळ्याला गेरूचा हात दिला की फुलं ठेवायला भांडं तयार.

मात्र वाटसरू तिथे फार वेळ थांबत नसत. जरा वेळाने त्यांच्या लक्षात येई, की इथल्या एकाही राघूला, एकाही बाहुलीला डोळे नाहीत. चोच आहे, गळ्याभोवती लाल कंठी आहे, आणि डोळ्यांच्या जागी नुसतं सपाट कापड. मग ते तांब्यातलं पाणी अर्धंच पिऊन वाटेला लागत.

गावातल्या मुलांना एक आजार होता. जन्मताना डोळे चांगले असत. मूल चालू-बोलू लागलं की नजरेवर सायीसारखं काहीतरी धरे आणि हळूहळू सगळं अंधारून जाई. थोर माणसं म्हणत, "इथली हवाच तशी." थोरांचे डोळे मात्र ठणठणीत होते.

याच गावात आवडी नावाची मुलगी राहत होती. ज्यांना दिसत होतं, त्यांच्यात ती सगळ्यांत धाकटी. तिच्यानंतर जन्मलेल्या कुणालाच नीट दिसत नव्हतं. तिची बहीण सोनकी आता उजेड आणि सावली एवढंच ओळखत होती. तेवढं तरी राहावं, म्हणून आवडीचा जीव तुटत होता.

एका दुपारी आवडी आईच्या लग्नातलं जुनं तोरण सांधत बसली होती. सोनकीने त्यातला एक राघू हातात घेऊन चाचपला.

"ताई, याला डोळे का नाहीत? यालाही माझ्यासारखंच झालंय का?"

"इथे कुणालाच नसतात गं."

"पण इथे काहीतरी टोचतंय बघ."

आवडीने राघू उजेडात धरला. जिथे डोळे असायला हवेत, तिथे दोऱ्याची तुटकी टोकं होती. टाका घालून मग ओढून तोडला की राहतात, तशी. तिने दुसरा राघू पाहिला. तिसरा पाहिला. सगळ्यांना तेच.

"आई, यांना डोळे होते."

आई चुलीपुढे होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. "पूर्वापार असंच आहे. मुकाट्यानं शीव."

"ज्याला डोळे कधी नव्हतेच, त्याच्या तोंडावर तुटका दोरा कुठून आला?"

"थोरांना विचार जा."

"त्यांना काहीही विचारलं तरी ते हवाच सांगतात."

आवडी उठली आणि रानात गेली. तिथे गुंजेच्या शेंगा तडकल्या होत्या. लाल दाणा, त्यावर काळा ठिपका. राघूच्या डोळ्याला याहून स्वस्त आणि याहून जिवंत दुसरं काही नाही. तरी या गावातलं कुणी गुंजेला हात लावत नसे. आवडी ओटीभर घेऊन आली.

"विषारी असतात त्या," आई म्हणाली.

"राघू काही गिळायचे नाहीत."

दाभण तापवून तिने दाण्यांना भोकं पाडली, एकेका राघूला डोळे शिवले आणि तोरण दारावर चढवलं. येणाऱ्याकडे बघतील, अशा त्यांच्या माना नीट समोर बसवल्या.

सकाळी पाहते, तर सगळ्या माना डावीकडे वळलेल्या. वारा असेल, म्हणून तिने त्या सरळ केल्या. पाणी भरून परत आली, तर माना पुन्हा डावीकडे. कापड पिळवटलं होतं, टाके ताणले होते. राघू जोर लावून बघत होते.

आवडीने एक राघू सोडवला, तळहातावर घेतला आणि चालू लागली. वाट वळली की राघूची मान हातातल्या हातात हळूच फिरायची. गावच्या पारापाशी येताच त्याने मान खाली घातली. तिथे एक जुनं पेव होतं, धान्य साठवायला जमिनीत खणलेलं. तोंडावर दगड आणि दगडावर माती.

ती माती उकरू लागली, तसे गावचे कारभारी धावत आले. गावात सगळ्यांत थोर तेच.

"ऊठ तिथून, पोरी. ते पेव उघडायचं नाही. पूर्वापार..."

"किती पूर्वापार, बाबा?"

"म्हणजे?"

"माझ्या आईच्या लग्नात राघूंना डोळे होते. आणि मुलांची अंधारी सुरू झाली ती माझ्या पाठच्यांपासून. म्हणजे मी आणि तुमची रीत, दोघी एकदमच रांगायला लागलो."

"जीभ फार चालते तुझी."

"सोनकीचे डोळे थांबायला आलेत. निदान माझी जीभ तरी चालू दे."

बोलणं ऐकून मुलं जमली. भिंती चाचपत, एकमेकांचे खांदे धरत आली, मातीत बसली आणि हातांनी उकरू लागली. त्यांची बोटं सरावलेली होती. दगडाची कड त्यांनाच आधी सापडली. कारभाऱ्यांमागून आलेली थोर माणसं काठ्या घेऊन उभी होती, पण आपल्याच लेकरांवर काठी कोण उगारणार?

दगड सरकला.

आत धान्य नव्हतं. आत डोळे होते. गावभरच्या राघूंचे, बाहुल्यांचे, उपटून टाकलेले डोळे. इतकी वर्षं मातीखाली राहून एकही गुंज कुजली नव्हती, एकही रुजली नव्हती. प्रत्येकीचा काळा ठिपका वर होता.

कारभारी मागे सरले. ते ज्या बाजूला सरले, त्या बाजूला ठिपके वळले. दाण्यावर दाणा घासल्याचा बारीक आवाज पेवातून आला.

"तुम्हाला ओळखतात वाटतं," आवडी म्हणाली. "काय पाहिलं होतं यांनी?"

कारभाऱ्यांनी हातातली काठी खाली ठेवली.

"दुष्काळ होता," ते म्हणाले. "एक बाई आली. कडेवर मूल. प्रत्येक दाराशी उभी राहिली. या पेवात धान्य होतं, पण आम्ही सगळ्यांनी आतून कड्या लावल्या. सकाळी दोघं वेशीत पडलेली होती. आपण काही पाहिलंच नाही, असं आम्ही ठरवलं. पण दारांवरचे राघू... जिथे जाऊ तिथे ते बघायचे."

"म्हणून त्यांचे डोळे काढलेत. आणि या मुलांचे गेले, तर आम्हाला हवा सांगितलीत."

आवडीने ओंजळी भरून डोळे घरोघर वाटले. सुईत दोरा ओवायला दिसणारे डोळे लागतात, म्हणून थोरांनाच बसावं लागलं. ज्यांनी उपटले, त्यांनीच टाके घातले. हातातला राघू त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

दिवस कलला. एकाएकी गावातल्या सगळ्या राघूंनी वेशीकडे माना वळवल्या. सोनकीने डोळे चोळले.

"ताई, वेशीत ती कोण उभी आहे?"

"कुणी नाही गं."

"आहे ना. हिरवं लुगडं आहे तिचं. कडेवरचं मूल माझ्याकडेच बघतंय."

"मलाही दिसतेय," दुसरं एक मूल म्हणालं. मग तिसरं. सगळ्या मुलांना ती दिसत होती. थोरांना वेस रिकामीच दिसत होती.

"हिरवंच होतं," कारभारी पुटपुटले.

"काय करतेय ती?" आवडीने विचारलं.

"वाट बघतेय."

आवडीची आई घरात गेली आणि भाकरी घेऊन आली. एकटीच चालत वेशीपर्यंत गेली, भाकरी ठेवली आणि हात जोडले. मग घराघरांतून माणसं निघाली. सगळ्यांत शेवटी कारभारी गेले.

"बाळानं घेतली," सोनकी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "गेली ती. रानाकडे. ताई, तुझ्या नाकावर तीळ आहे?"

दुसऱ्या दिवसापर्यंत गावातल्या साऱ्या मुलांना सगळं दिसू लागलं. त्या गावात आता कुणी आतून कडी लावत नाही. एखाद्याने लावलीच, तर त्याच्या दारावरचे राघू वाटेकडे पाठ करतात आणि घरात बघू लागतात.

बोध: मोठे ज्याकडे पाठ फिरवतात, त्याचा अंधार लहानांच्या डोळ्यांत उतरतो.