केरबाचा बधिर हात

डोंगरांच्या पार माथ्यावर हिवाळवाडी नावाचं एक गाव होतं. गाव एवढंसं, पण त्याला स्वतःचा विमानतळ होता. थंडीत घाटरस्ते बर्फाने बुजले की गावाबाहेर पडायला दुसरी वाटच उरत नसे. या विमानतळावर केरबा नावाचा एक माणूस कामाला होता.

केरबाचं काम विमानाच्या पंखांवरचा बर्फ काढण्याचं. पंखावर कागदाइतका पातळ बर्फ राहिला तरी विमान धड वर उठत नाही. म्हणून उड्डाणाआधी पंखांवर बर्फ वितळवणाऱ्या गरम औषधाचा फवारा मारत. पण काही बर्फ असा लबाड, की काचेसारखा पत्र्याला चिकटून बसतो आणि डोळ्यांना दिसतच नाही. त्याला हातानेच ओळखावं लागतं. फवारा झाला की केरबा शिडीवर चढायचा, हातमोजा काढायचा आणि उघडा हात पंखावरून फिरवायचा. मग ‘साफ’ म्हणायचा. त्याने ‘साफ’ म्हटलं की विमान निघायचं. एकोणीस हिवाळे त्याने हे काम केलं होतं आणि एकदाही चुकला नव्हता. त्याचा त्याला थोडा तोराही होता, आणि तो असायला हरकत नव्हती.

एका वर्षी बर्फाने कहर केला. तीन दिवस थांबायचं नाव नाही. धावपट्टी साफ करून मागे वळून पाहावं, तो ती पुन्हा पांढरी. पण हिवाळवाडीची माणसं मोठी चिवट. बर्फ लोटणाऱ्या नांगराच्या गाड्या एकीमागे एक तिरप्या रांगेत धावत होत्या आणि त्यांच्या मागून झाडणीची गाडी. गाड्या जिथे पोचत नव्हत्या तिथे माणसं फावडी घेऊन उतरली होती. अडकलेले नव्वद प्रवासी विमानतळाच्या दालनात घोंगड्या अंथरून पडले होते. तिन्ही दिवस सकाळ-संध्याकाळ खिचडी खाऊन तेही जेरीला आले होते. त्यांत धान्याचे व्यापारी माणिकशेट होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी शहरात त्यांच्या पहिल्या नातवाचं बारसं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी बर्फ थांबला. विमानतळाचे व्यवस्थापक परचुरेसाहेब म्हणाले, “दीड तास मिळालाय. मग पुन्हा ढग उतरणार. हात चालवा.”

माणसं कामाला भिडली. धावपट्टी मोकळी झाली, प्रवासी बसले, फवारा झाला. सकाळपासून ओल्या मोज्यांनी फावडं मारणारा केरबा शिडीवर चढला. त्याने दोन्ही पंखांवरून हात फिरवला आणि बिनतारी यंत्रात सांगितलं, “साफ.” विमान हळूहळू धावपट्टीकडे निघालं.

केरबा उपाहारगृहाच्या दाराशी आला. सरूबाईंनी चहाचा पेला पुढे केला. “फडक्याने धरा केरबाभाऊ, आत्ता उकळलाय.”

तोवर केरबाने पेला उघड्या हातात घेतलाही होता. चटका बसला नाही. त्याने मूठ घट्ट आवळली. तरी काही नाही. मग त्याने पेला गालाला लावला, आणि गाल असा पोळला की तो एकदम मागे सरला.

ज्या हाताला उकळता चहा कळत नाही, त्याला बर्फ काय कळणार? पंख गुळगुळीत लागला होता हे खरं. पण त्या हाताला आज दगडही गुळगुळीत लागला असता.

समोर विमान धावपट्टीच्या टोकाशी पोचत होतं. केरबाच्या मनात आलं, जाऊ दे. फवारा चांगला दणकून मारलाय, पंख साफच असणार. कोणाला काय कळतंय? उलट आता थांबवलं तर एकोणीस वर्षांचं नाव मातीत मिळेल. तेवढ्यात विमानाच्या एका खिडकीत त्याला कोणाचं तरी डोकं दिसलं. इतक्या लांबून ओळख पटत नव्हती. त्याने पेला खाली ठेवला आणि यंत्र तोंडाशी धरलं.

“विमान थांबवा.”

“बर्फ दिसला का?” विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यातून विचारणा झाली.

“नाही. पण मघाशी मी ‘साफ’ म्हणालो ते न कळता म्हणालो. माझा हात बधिर झाला होता. पंखावर बर्फ आहे की नाही, मला ठाऊक नाही.”

विमान परत आलं. झाडणीची बंद गाडी चालवणाऱ्या इंदुताईंचे हात उबदार होते. त्या शिडीवर चढल्या, दोन्ही पंख बारकाईने तपासले आणि खाली येऊन म्हणाल्या, “साफ आहेत. कणभर बर्फ नाही.”

पण तेवढ्यात ढग उतरले आणि बर्फ पुन्हा सुरू झाला. उड्डाण दुसऱ्या दिवसावर गेलं. प्रवासी चिडून दालनात परतले. माणिकशेट केरबासमोर उभे राहिले. “एका चहाच्या पेल्यापायी माझ्या नातवाचं बारसं बुडवलंस,” असं म्हणाले आणि तोंड फिरवून गेले. केरबाला ते फार लागलं.

परचुरेसाहेबही वैतागले होते. “अरे, पंख साफच होते की. तुझं बोलणं खरंच होतं.”

“खरं निघालं, साहेब,” केरबा म्हणाला. “पण मी बोललो ते अंदाजपंचे दाहोदरसे. ती नुसती बोलाफुलाला गाठ पडली.”

“मग तुझ्या हाताचा भरवसा काय राहिला? उद्यापासून तू फावडं धर.”

केरबाने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तो फावडं घेऊन धावपट्टीवर राबला. मनातून तो खचला होता, पण हात थांबले नाहीत. ऊन वर आलं तेव्हा पट्टी मोकळी होती. प्रवासी बसले, फवारा झाला. इंदुताई शिडीकडे निघाल्या, तोच विमानाच्या दारात कॅप्टन शर्वाणी येऊन उभ्या राहिल्या.

“केरबा कुठे आहेत?”

“त्यांना पंखांच्या कामावरून काढलंय,” परचुरेसाहेब म्हणाले.

“मग परत लावा. इंदुताईंबद्दल माझी तक्रार नाही. पण इतकी वर्षं मी विमान उडवतेय. ‘साफ’ म्हणणारे मला गावोगाव भेटले. ‘मला ठाऊक नाही’ म्हणणारे हे एकटेच भेटले. त्यांनी ‘साफ’ म्हटल्याशिवाय मी विमान हलवणार नाही.”

केरबाला बोलावलं. तो आला, पण शिडीवर चढला नाही. “जरा थांबावं लागेल, बाई. हात अजून गार आहेत.” आणि तो उपाहारगृहातल्या शेगडीपाशी जाऊन बसला.

विमानात चुळबुळ सुरू झाली. कोणीतरी कुरकुरलं, “आता आणखी किती वेळ?”

पहिल्या रांगेत माणिकशेट बसले होते. बारसं हुकल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर होतंच. त्यांनी पट्टा नीट आवळला आणि मागे न बघता म्हणाले, “त्याचे हात शेकून होईपर्यंत. गप बसा.”

तात्पर्य: अंदाजाने बोललेलं खरं निघालं तरी तो अंदाजच असतो. जे ठाऊक नाही ते ‘ठाऊक नाही’ म्हणून वेळेवर सांगणाऱ्याच्या शब्दालाच वजन येतं.