फलकावरची नोकरी

सोमवारी मूळ दाखले घेऊन हजर झाली नाही, तर वैजयंता खुडेच्या हातची नोकरी जाणार होती. नोकरी पंपांच्या कारखान्यातली, पगार महिना चौदा हजार. पण दाखले चार वर्षांपूर्वी, प्रवेशाच्या दिवशीच, इंजिनिअरिंग कॉलेजनं 'सांभाळायला' घेतले होते. कॉलेजनं लेथ मशीनही असंच सांभाळलं होतं. उद्घाटनाची फीत अजून जागेवर होती, मुलांचा हात काही लागला नव्हता!

संस्थापक तात्यासाहेब गुंजवटे म्हणाले, "दाखले देतो की! हायवेवरच्या फलकावर तुझा फोटो आहे ना?"

होता. एकूण बारा फोटो, प्रत्येकाखाली 'पॅकेज बारा लाख', आणि वर हत्तीएवढ्या अक्षरांत संस्थेचं नाव. आपलं पॅकेज वैजूला एसटीच्या खिडकीतूनच कळलं होतं.

"रविवारी पालकमेळावा आहे. पालक विचारतात, कंपनी कुठली? ते तू सांगायचं. गेल्या वर्षी एकानं खोटं नाव सांगितलं नि पकडला गेला, म्हणून खोटं बोलायचं नाही. पण संस्थेची अब्रूही जाता कामा नये! जमलं तर दाखले, नाहीतर बस घरी!"

"जमेल की, साहेब!"

रविवारी मंडप खच्चून भरला. एक फेटेवाले पालक उठले. "पोरी, बारा लाख देनारी कंपनी कंची गं?"

"काका, फलकावर लिहिलंय की! आमच्या बारा जणांच्या डोक्यावर एकच नाव आहे, या संस्थेचं. साहेब, फलक खरा आहे ना?"

नाही म्हणावं तर अब्रू, हो म्हणावं तर बारा लाख! तात्यासाहेबांनी माइक पुढे ओढला. "ख... खराच!"

"मग मी उद्याच इथं संस्थेत रुजू होते! बाकीचे अकराही आलेत, ते बघा पहिल्या रांगेत!"

अकरा जण उठून उभे राहिले. टाळ्यांनी मंडप दणाणला. तात्यासाहेबांनी बारा गुणिले बारा केलं आणि त्यांना घाम फुटला. माइकवर हात ठेवून ते पुटपुटले, "काय पाहिजे तुला?"

"बारा जणांचे दाखले, आत्ता! ते हातात पडले, की बाराही जण राजीनामा देतो!"

तात्यासाहेब पोट धरून हसले. "चार वर्षांत आम्ही जे शिकवलं नाही, ते कुठं शिकलीस गं? आणा रे दाखले! आणि बक्षीस काय देऊ?"

"तो फलकच द्या, साहेब! बाबांच्या पंक्चरच्या टपरीला छप्पर नाही."

फलक त्याच दिवशी उतरला. आता 'पॅकेज बारा लाख'च्या सावलीत सायकलचं पंक्चर वीस रुपयांत निघतं!