उपाध्ये सरांचं बोट

“मग काढून टाकू का, सर?”

सुकुमार चौगुलेनं बसायच्या आधीच विचारलं. लॅपटॉप अजून पिशवीतच होता. चपला मात्र त्यानं दाराबाहेर काढल्या होत्या, तेवढी शिस्त शिल्लक होती.

“काय काढून टाकतोस?”

“लिनक्स.”

उपाध्ये सर माझ्या प्रिंटरचं झाकण उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बस,” ते म्हणाले.

लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम. फुकट मिळते, कुणा एका कंपनीची नसते, आणि बिघडली तर तक्रार घेऊन कुणाच्या दारात जायची सोय नसते. आपणच बसायचं आणि शोधायचं. हे बसणं आम्हाला सरांनी शिकवलं. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यावर कुरुंदवाडच्या घराच्या पडवीत त्यांनी चार जुने कॉम्प्युटर मांडले आणि येईल त्याला शिकवलं. त्यांचा नियम एकच होता. बिघाड सोडून उठायचं नाही.

सुकुमार त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. पुण्यात एका कारखान्यात ड्रॉइंगं करतो. ऑफिसात बाकीचे विकतची सिस्टिम वापरायचे, त्यांना हा तोंडावर कंपनीचे भाडेकरू म्हणायचा. त्याच्याइतका गर्विष्ठ लिनक्सवाला आमच्यात दुसरा नव्हता. आणि नम्र तर आमच्यात कुणीच नव्हता.

तोच आता काढून टाकू का म्हणून विचारत होता.

“काय त्रास आहे?” सरांनी विचारलं.

“प्रिंटर कोरे कागद काढतो.”

“याचाही काढतो,” सर माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले. “त्याला उपाय आहे.”

“लॅपटॉप मिटला की झोपतो. उघडला की उठत नाही.”

“त्यालाही आहे.”

“ऑफिसातून मराठी फाईल आली की वेलांट्या एकीकडं, अक्षरं दुसरीकडं.”

“फॉन्ट घालून देतो.”

“फॉर्म भरायला गेलं की साइट म्हणते, तुमची सिस्टिम चालणार नाही.”

“हां... ते खरं आहे.”

“आणि अपडेट. काल चालत होतं ते आज बंद. दर वेळी एक नवीन. कंटाळा आला, सर.”

सरांनी प्रिंटरचं झाकण लावलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“बारा वर्षं हे सगळं तू हसत सोसलंस,” ते म्हणाले. “लोकांना कौतुकानं सांगत फिरलास. आता कंटाळा?”



सुकुमारचे वडील, आण्णा, गेल्याला तीन आठवडे झाले होते. सर आणि मी दानोळीला त्याच्या घरी जाऊन भेटून आलो होतो. तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता आणि एक शब्द बोलला नव्हता. आम्हाला वाटलं, दुःख आहे, बोलेल हळूहळू.

“अहो...”

आतल्या दारात काकू आल्या होत्या.

“दिवस मावळायला पाऊण तास राहिला. ताटं करू का?”

सरांचं घर जैनांचं, सुकुमारचंही. दिवस मावळला की अशा घरात कुणी तोंडात घास घालत नाही. सर जेवले नाहीत तर काकूही जेवत नाहीत, आणि मावळल्यावर तर दोघंही नाहीत. म्हणजे सरांचा बिघाड वेळेत निघाला नाही की काकू उपाशी. अशा किती संध्याकाळी गेल्या याचा हिशेब कुणाकडं नाही. काकूंनी कधी तक्रार केल्याचं आम्ही ऐकलं नाही. ऐकायला आमचे कान तिकडं होते कुठं म्हणा.

सरांनी मागं वळून न बघता उजव्या हाताचं एक बोट वर केलं.

एक मिनिट.

काकू आत गेल्या.

हे बोट आमच्या सगळ्यांच्या ओळखीचं. नजर स्क्रीनवर, डावा हात कीबोर्डवर आणि उजवं बोट हवेत. सरांचे शिष्य कुठंही असोत, या बोटावरून ओळखू येतात. माझी बायको चिडली की तस्सं बोट वर करून दाखवते. मला ते आजवर गमतीचं वाटत होतं.

सुकुमार त्या बोटाकडं बघत राहिला. सरांनी हात खाली घेतला तरी तो तिथंच बघत होता.

“सर... त्या दिवशी मीही असंच केलं.”

“कुठल्या दिवशी?”

“आण्णांच्या.”

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“सकाळी मी अपडेट केलं,” सुकुमार म्हणाला. “संध्याकाळी आक्काचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाली, आण्णा तुला बघायचं म्हणतायत. मी दुसऱ्या दिवशी निघणारच होतो. तिकीट काढलं होतं.”

“मग?”

“आण्णा दिसले. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. माझं त्यांना जात नव्हतं. माइक बंद पडला होता.”

“अपडेटनं.”

“अपडेटनं. आण्णा म्हणाले, दिसतोस रं, पण आवाज नाही तुझा.”

त्यानं पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळला. सरांनी घाई केली नाही.

“मग त्यांनी विचारलं, जेवलास काय रं? दिवस मावळला की.”

“तू काय केलंस?”

सुकुमारनं उजव्या हाताचं एक बोट वर केलं.

मी खाली बघितलं. सर मात्र त्या बोटाकडं बघत राहिले.

“किती वेळ?”

“नऊ मिनिटं. नंतर कॉलचा वेळ बघितला मी. मी कमांड देत होतो. एक चालली नाही, दुसरी दिली. आण्णा मधून मधून विचारत होते. जेवलास काय. आक्का म्हणाली, अरे, साधा फोन लाव. मी तिलाही...”

बोट अजून वरच होतं. त्याचं त्यालाच ते दिसलं, तेव्हा त्यानं हात मांडीखाली दाबून धरला.

“फोन कुठं होता?” सरांनी विचारलं.

“लॅपटॉपच्या शेजारी. चार्जिंगला.”

“हं.”

“फोनही नको होता, सर. त्यांना मी दिसत होतो. जेवलास काय म्हणून विचारत होते... नुसती मान हलवायची होती.”

 मला उठून बाहेर जावंसं वाटलं, पण उठवेना.

“आवाज लागला का मग?” सरांनी विचारलं.

“लागला. नवव्या मिनिटाला.”

“आणि?”

“आनंद झाला, सर.” हे सांगताना त्यानं मान खाली घातली. “सुटलं म्हणून आनंद झाला. आधी तोच झाला. मग मी हाक मारली. आक्का म्हणाली, हळू, त्यांचा डोळा लागलाय. मी म्हटलं झोपू दे, सकाळी बोलतो.”

पुढचं आम्हाला ठाऊक होतं. आण्णा पहाटे गेले. झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही, असं भेटायला येणारा जो तो म्हणत होता.



“सर, एकदा म्हणा,” सुकुमार म्हणाला. “तुम्ही म्हणालात की मला पटेल. चूक त्या सिस्टिमची होती म्हणा.”

म्हणजे तो याच्यासाठी पुण्याहून आला होता. प्रिंटर, वेलांट्या, फॉर्म, ती सगळी नुसती प्रस्तावना होती.

मला वाटलं, सर समजूत घालतील, म्हणतील होती रे. एक वाक्य तर होतं. माणसाला झोप लागावी म्हणून एवढं म्हणायला काय जातं?

“माइक बंद पडला,” सर म्हणाले. “चूक तिची. पहिलं मिनिट तिचं. ते मी लिहून देतो.”

“आणि बाकीची आठ?”

 सरांनी स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून बघितला.

“सुकुमार, हे बोट वर करायला तुला मी कधी शिकवलं?”

“शिकवलं नाही, सर. तुम्ही करायचात. आम्ही बघत होतो.”

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. बहात्तर वर्षांचे आहेत ते, पण ते त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

“त्या आठांतली चार माझ्याकडं दे,” ते म्हणाले.

सुकुमार रडला. मोठा माणूस लाज सोडून रडतो तसा, नाक ओढत, खांदे हलवत. सर तसेच बसून राहिले. त्याच्या पाठीवर हात ठेवणं त्यांना कधी जमलेलं नाही.

मग तो शांत झाला आणि पिशवीतून लॅपटॉप काढून त्यानं सरांपुढं ठेवला.

“तुम्ही तुमच्या हातानं घातलं होतं. तुमच्याच हातानं काढा.”

“काढतो.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. कॉम्प्युटरवरून लिनक्स काढायला आलेल्या माणसांशी सर पूर्वी तास तास वाद घालायचे. एकाला त्यांनी चहाही विचारला नव्हता. आता त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि खालच्या बाजूनं एक पेन ड्राइव्ह काढला. त्यावर कागदाची चिठ्ठी डकवलेली होती. विंडोज. म्हणजे होता तो त्यांच्याकडं. कायम होता.

“ड्रॉइंगं दुसरीकडं काढून ठेवलीस?”

“हो.”

“फोटो?”

“ते पण.”

“आण्णांचे?”

“हो, सर.”

सरांनी पेन ड्राइव्ह लावला. लॅपटॉप बंद करून परत चालू केला. बटणं दाबताना त्यांची बोटं चुकली नाहीत. मी प्रिंटरजवळ बसून बघत होतो. बारा वर्षांचं काम, त्याची माती व्हायला चार बटणं पुरतात.

“तिकडं सगळं सुरळीत चालेल ना?” सुकुमारनं विचारलं.

“बरंचसं चालेल.”

“आवाज?”

“आवाज येईल.”

सुकुमार पुढं काही विचारणार होता.  आवाज येईल. पण तिकडून जेवलास काय म्हणून विचारायला आता कोण होतं?

स्क्रीनवर प्रश्न आला. या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, परत मिळणार नाही, पुढं जायचं का? होय आणि नाही, अशी दोन बटणं.

सरांनी लॅपटॉप त्याच्याकडं वळवला.

“हे बटण माझं नाही,” ते म्हणाले.

सुकुमारनं बोट पुढं नेलं. ते बटणाच्या वर थांबलं. एकदा मागं घेतलं, परत नेलं. पलीकडं अंगणातलं ऊन तुळशीवरून सरकून कुंपणाच्या भिंतीवर गेलं होतं. त्याची एक पिवळी पट्टी तेवढी उरली होती.

“अहो...”

काकू दारात होत्या. या वेळी त्या पुढं काही बोलल्या नाहीत. हातातलं फडकं दुमडत उभ्या राहिल्या. उत्तराची त्यांना अपेक्षा नव्हती, हे मला पहिल्यांदाच दिसलं. त्या नुसत्या सांगायला येत होत्या. इतकी वर्षं.

सरांचा उजवा हात आपोआप उचलला गेला. बोट अर्ध्यावर आलं.

तिथंच थांबलं.

सर त्या बोटाकडं बघत राहिले. मग त्यांनी सावकाश मूठ मिटली, हात टेबलावर ठेवला आणि त्या हातावर भार देऊन उठले.

स्क्रीनवरचा प्रश्न तसाच होता. माझा प्रिंटर कोरे कागद काढत होता तो होताच. अर्धवट काम टाकून सरांना उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. काकूंनीही पाहिलं नसावं. त्या फडकं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या आणि एकदम बाजूला झाल्या, त्यांना वाट द्यायला.

उंबऱ्याशी सर थांबले. मागं वळले.

“सुकुमार, जेवलास का?”

 सुकुमारनं तोंड उघडलं, आवाज फुटला नाही.

मग त्यानं मान हलवली. नाही.

“चल, ऊठ. ऊन आहे तोवर.”

तो अर्धा उठला. एक बोट अजून त्या बटणापाशीच होतं.

“पण सर, हे विचारतंय... होय म्हणू, का नाही?”

“थांबू दे त्याला.”