शेवटच्या दाराची दवंडी

दादा सगळा गाव फिरून आमच्या दारी सर्वांत शेवटी का यायचा? माझा दादा ग्रामपंचायतीत शिपाई होता. नळाला पाणी कधी सुटणार, रेशनचे गहू कधी वाटणार, बाळांना डोस कुठे देणार, हे तो सायकलवर कर्णा घेऊन सांगत फिरायचा. वरच्या वस्तीपासून सुरुवात करायचा आणि आमच्या आळीत येईपर्यंत त्याचा घसा बसलेला असायचा. टँकर आल्याची खबर आम्हालाच उशिरा कळायची आणि आईची घागर रांगेत शेवटी असायची. यंदा दादा तापाने गेला. त्यानंतर हा प्रश्न मी ग्रामसेवकांना विचारला, आईला विचारला. विहारात भन्तेजींना विचारले. त्यांनी ही कथा सांगितली. मी ऐकली तशी लिहितो.

फार पूर्वी वाराणसीत ब्रह्मदत्त राजा होता. त्याच्या राज्याच्या कडेला वेत्रग्राम नावाचे लहानसे बाजारगाव होते. बोधिसत्त्व त्या गावात एका दवंडीवाल्याच्या घरी थोरला मुलगा म्हणून जन्मला. वडील गेल्यावर डफ त्याच्याकडे आला. घरात आई होती आणि उत्तिय नावाचा धाकटा भाऊ होता. उत्तिय मनाने चांगला, पण चटकन पेटणारा. रागावला की तो घरामागच्या टेकडीवर जाऊन चिंचेखाली बसे.

रोज सकाळी उत्तिय गवताचा जाळ करून डफ शेके. कातडे ताणले की त्यावर टिचकी मारून म्हणे, "घे दादा. आता हा तुझ्यापेक्षा चांगला बोलतो."

राजाचे बियाणे कधी वाटणार, कालव्याला पाणी कधी येणार, कोणत्या विहिरीत उतरू नये, कुणाची गाय चुकली, हे सारे वेत्रग्रामला डफावरून कळे. त्या गावची एक रीत होती. दवंडी लांबून ऐकू आली तरी कुणी घर सोडून तिच्यामागे धावत नसे. अर्धी ऐकलेली वार्ता न ऐकलेल्या वार्तेपेक्षा वाईट, असे ते मानत. म्हणून डफ वाजू लागला की प्रत्येक घरचे माणूस पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे राही. दवंडीवाला दारी येई, पूर्ण वार्ता सांगे, घोटभर पाणी पिई आणि पुढे जाई.

"काय रे बाबा," कुंभारीण विचारी, "आज राजाने घ्यायचं ठरवलंय की द्यायचं?"

"आज द्यायचं, मावशी. बियाणं."

"मग थांब, गार पाणी आणते. घ्यायचं असलं की कोमटच मिळेल तुला."

बोधिसत्त्वाची फेरी नेहमी गावाच्या टोकापासून सुरू होई. तिथे ओढ्याकाठी, वेताच्या बेटात टोपल्या विणणाऱ्यांची वस्ती होती. त्यात सामा नावाची एक बहिरी विणकरीण एकटी राहत असे. बोधिसत्त्व तिचा तळवा डफाच्या पाठीवर ठेवी, मग वाजवी, आणि तिच्या डोळ्यांसमोर ओठ सावकाश हलवून वार्ता सांगे.

"ओरडू नकोस," सामा स्वतः मोठ्याने ओरडून म्हणे. "ओरडलास की तुझं तोंड कोंबड्यासारखं होतं. हळू सांग, मला कळतं."

वस्तीनंतर कुंभारवाडा, मग बाजार, मग उंचावरचे ग्रामणीचे कोठार. ग्रामणी म्हणजे गावचा मुख्य. तिथून उतरून, ओढ्यावरचा लाकडी साकव ओलांडून, सर्वांत शेवटी बोधिसत्त्व आपल्या घरी येई. तेही ओढ्याकाठीच, दमट जागेत होते.

उत्तियला हे सोसत नसे. "चांगलं बी लोक घेऊन जातात, आपल्याला उरतं ते पोचट. डफ आपला, शेकतो मी, आणि खबर आपल्यालाच शिळी. दादा, आपलं दार शेवटी का?"

बोधिसत्त्व पाय धूत हसे. "आधी वाढ रे. भूक लागलीय." आणि तो प्रश्न तसाच राही.

एका वर्षी डोंगरात फार पाऊस झाला. राजाचा मोठा तलाव काठोकाठ भरला. दुपारी एक घोडेस्वार वेत्रग्रामला आला आणि ग्रामणीला म्हणाला, "तलावाचा बांध खचतोय. दिवस मावळताना दरवाजे उघडतील. ओढ्याकाठी कुणी थांबायचं नाही. गावाला कळवा." एवढे बोलून तो पुढच्या गावाकडे निघून गेला.

ग्रामणीने बोधिसत्त्वाला बोलावले. "आधी माझ्या कोठारावर वाजव. खालच्या अंगाच्या सगळ्या कणग्या वर काढायच्यात. माणसं इकडे येऊ देत, मग बाकीचा गाव कर." बोधिसत्त्वाने वस्तीकडे पाहिले, तेव्हा ग्रामणी जरा मऊ आवाजात म्हणाला, "तुझी आई ओढ्याकाठी खोकत असते. कोठाराशेजारची उंच जागा तू केव्हाची मागतोयस. आज ती तुझी झाली समज."

ती जागा बोधिसत्त्वाच्या मनात फार दिवस होती. तिथे ऊन येई आणि वारा कोरडा असे. तो क्षणभर त्या जागेकडे बघत राहिला.

"जागा चांगली आहे, मालक," तो म्हणाला. "पण इथं आधी वाजलं की गावातले सगळे हात धान्याला लागतील. वेताच्या वस्तीत म्हातारी माणसं आहेत, तान्ही आहेत. त्यांना उचलायला कोण उरेल?"

"आणि माझं धान्य भिजलं तर?"

"वाळेल."

"नाही वाळलं तर?"

"तर मोड येतील. मोडाचे मूग माझ्या आईला फार आवडतात."

ग्रामणी हसला नाही. बोधिसत्त्वाने नमस्कार केला आणि तो वस्तीकडे पळत निघाला.

त्याने सामाचा तळवा डफावर ठेवला. त्या दिवशी तिने त्याच्या तोंडाला कोंबडा म्हटले नाही. विणायची सुरी कमरेला खोचून ती उठली आणि शेजारणीचे मूल तिने काखेत घेतले. तिथून बोधिसत्त्व कुंभारवाड्यात गेला, बाजारात गेला. वार्ता दारी येताच गडीमाणसे वस्तीकडे धावली आणि म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन उंचावर आली. मग तो कोठारावर गेला. ग्रामणी पाठ करून उभा होता. त्यालाही त्याने पूर्ण वार्ता सांगितली, एकही शब्द गाळला नाही. अजून ऊन चांगले वर होते. आता एकच दार उरले होते, आणि तिकडे जायला वेळ होता.

पण बांधाने मावळतीची वाट पाहिली नाही.

बोधिसत्त्व उतरणीवर असतानाच पाणी आले. साकव त्याच्या डोळ्यांदेखत उखडून गेला. पलीकडच्या काठावर त्याला आपले घर दिसत होते. दारात आई आणि उत्तिय उभे होते. उत्तियच्या हातात तांब्या होता. डोंगरात पाऊस झाला की ओढा नेहमीच चढे, म्हणून ती दोघे अजून निर्धास्त होती.

तिकडे उत्तिय आईला म्हणत होता, "डफ जवळ आलाय, पण दादा दिसत नाही. पुढं जाऊन बघू का?"

"दारी येऊ दे," आई म्हणाली. "अर्धी वार्ता घेऊन काय करशील?"

बोधिसत्त्वाने हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात त्या बुडाल्या. त्याने दवंडीचा ठेका वाजवला. तो ऐकून दोघे दारातच उभे राहिले, कारण रीत तीच होती. मागे काठावर वेळूचे बन होते, तिथून डफाचा नुसता घुमार पलीकडे जाई, ठेका स्पष्ट कळत नसे. तो कळे फक्त धुण्याच्या दगडावरून, आणि त्या दगडाला पाणी लागले होते. बोधिसत्त्व दगडावर उतरून उभा राहिला. डफ छातीपाशी धरून त्याने दुसराच ठेका धरला.

तो ठेका दवंडीचा नव्हता. लहानपणी उत्तियने काही फोडले, सांडले आणि आई छडी शोधू लागली की थोरला तो ठेका वाजवी. त्याचा अर्थ, आई रागावलीय, चिंचेकडे पळ.

उत्तियला आधी हसू आले. "दादाला आज काय झालंय?" मग त्याने थोरल्याच्या पायांकडे पाहिले. ते दिसत नव्हते. त्याने तांब्या टाकला आणि आईला पाठीवर घेतले.

टेकडी चढताना आई त्याच्या कानाशी म्हणाली, "तो ठेका मला माहीत आहे रे. तुम्हाला वाटायचं, आईला कळत नाही."

"मग छडी घेऊन टेकडीवर का नाही आलीस कधी?"

"तो वाजवायचा ते ऐकत बसायची मी."

डफ वाजत होता. पाणी बोधिसत्त्वाच्या कमरेला आले, तरी तो दगडावरून हलला नाही. मागे फिरून काठ चढायला अजून वाट होती. पण डफ थांबला तर उत्तिय आपल्याला बघायला मागे वळेल, हे तो ओळखून होता. भावाचा स्वभाव त्याच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता. सकाळी शेकलेले कातडे भिजत होते, तरी बोलत होते.

उत्तियने आईला चिंचेखाली उतरवले, खांद्यावरचे वस्त्र काढून उंच धरले आणि हलवले. तेव्हा डफ थांबला.

पाणी ओसरले. गाव वाचला होता. तुटक्या साकवाच्या खालच्या अंगाला बोधिसत्त्वाचा देह सापडला. त्याला अग्नी दिल्यावर उत्तिय बाजारात जाऊन उभा राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून विचारू लागला, "आमचं दार शेवटी का? तो आमच्याकडे आधी आला असता तर आज असता. सांगा, का?" लोक खाली बघत. त्याने आईलाही विचारले. आई चिखल लागलेले सरपण उन्हात उलटत होती. ती उलटतच राहिली.

मग वेत्रग्राम मुका झाला. कुठली विहीर बाटली, कुणाची गुरे कुठे सापडली, काही कुणाला कळेना. लोक सवयीने तांब्या घेऊन दारात येत, जरा वेळ उभे राहत आणि आत जात.

एके सकाळी सामा उत्तियकडे आली. तिच्या काखेत डफ होता. तो तिला वेताच्या बेटात अडकलेला मिळाला होता. तिने त्यातला चिखल काढला होता, नवी वादी आवळली होती, जाळावर धरून तो शेकला होता. कडेला थोडा जळलाही होता.

"मला शेकता येत नाही," ती मोठ्याने म्हणाली. "बहिरीला कसं कळणार, ताणलाय की नाही ते? तू बघ."

उत्तियने हात पुढे केला नाही.

"मी काय प्यायचं?" सामाने विचारले. "पिंपळाखालच्या विहिरीचं की बाजारातल्या? तान्ही पोरं आहेत वस्तीत. तो सांगायचा."

उत्तियने डफ घेतला. त्याने टिचकी मारली. आवाज ढिला होता. तो गवत घेऊन आला, जाळ केला आणि डफ नीट शेकू लागला. सामा त्याच्या तोंडाकडे बघत बसली. कातडे ताणले तेव्हा त्याने पुन्हा टिचकी मारली, पण पुढचे वाक्य ज्याला म्हणायचे तो समोर नव्हता.

त्याने आधी जाऊन विहिरी पाहिल्या. पिंपळाखालची स्वच्छ होती. मग तो कोठारावर गेला. जाताना त्याच्या मनात भांडण होते. ग्रामणी ओल्या धान्यापाशी बसला होता. तो आधी त्याच्याकडे न बघता बोलला.

"मुगाला मोड आले. सगळ्याला."

उत्तियने एक मूठ उचलून पाहिली.

"वाटून टाकायचेत. तसं सांग गावाला. आणि ही शेजारची जागा मोकळी आहे. ज्यांची घरं वाहिली त्यांनी इथं खोपटी घालावीत." मग ग्रामणीने मान वर केली. "आधी कुठं वाजवणार?"

"वेताच्या वस्तीत."

"जा मग," ग्रामणी म्हणाला. "उशीर करू नकोस, मूग नासतील."

उत्तियने सामाचा तळवा डफाच्या पाठीवर ठेवला आणि पहिली थाप मारली. विहिरीची वार्ता सांगितली, मुगाची सांगितली, जागेची सांगितली. मग तो म्हणाला, "माझा दादा गेला." गावाला ते ठाऊक होते. पण दारी येऊन ते अजून कुणी सांगितले नव्हते. कुंभारवाड्यात, बाजारात, प्रत्येक दारी माणसे तांब्या घेऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच ऐकावे तसे त्यांनी ते ऐकले. कुंभारणीने त्याला गार पाणी दिले. कोठाराच्या दारात ग्रामणी स्वतः तांब्या घेऊन उभा होता.

दुपार कलल्यावर उत्तिय आपल्या दारी आला. आई उंबऱ्यात उभी होती. त्याचा हात डफावर उठेना.

"सांग," आई म्हणाली. "सगळ्यांना सांगितलंस. मलाही सांग."

त्याने वाजवले. विहिरीचे सांगितले, मुगाचे सांगितले, जागेचे सांगितले. मग दादाचे सांगितले. आईने पूर्ण ऐकून घेतले आणि तांब्या त्याच्या हाती दिला. आता पुढे जायला दार उरले नव्हते. उत्तियने डफ खाली ठेवला आणि तो आईजवळ बसला.

ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगून शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, ओळख पटवली. त्या वेळचा उत्तिय म्हणजे आनंद. बहिरी सामा म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी उत्पलवर्णा. आई म्हणजे महामाया, आणि दवंडी देणारा थोरला भाऊ म्हणजे शास्ता स्वतः. ग्रामणी कोण, ते शास्त्याने सांगितले नाही. ग्रामणीने मूग वाटले, तेवढ्यासाठी ते नाव झाकून ठेवले असावे. आपले आणि परके असे माप न लावता सर्वांचे भले चिंतणे, याला मैत्री पारमिता म्हणतात. ती त्या जन्मात डफ वाजवून पुरी झाली.

काल मी ग्रामपंचायतीतून दादाचा कर्णा मागून घेतला. आज सकाळी नळाला पाणी सुटणार होते. वरच्या वस्तीपासून सुरुवात केली. आमच्या आळीत पोहोचेपर्यंत माझा घसा बसला होता. आई दारात उभी होती. कर्णा तोंडाला लावून मी तिला एकटीला सगळी सूचना पहिल्यापासून सांगितली, आणि दादाची सायकल भिंतीला टेकवली.