कार्मेलीनच्या बाटलीतला शेवटचा चमचा

"आणि मेलेलं निघालं तर?"

रॉकी तुस्कानोने हे तिसऱ्यांदा विचारलं. ब्रदर जुझे मठाच्या ओट्यावर शेवग्याच्या शेंगा मोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

रॉकी म्हणजे औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढलेला माणूस. कुणी चहा दिला तरी आधी हुंगणार. आज त्याने ब्रदरांपुढे एक काचेची बाटली ठेवली होती. तळाला चमचाभर करडा गाळ.

तो गाळ म्हणजे बिअर आंबवायचं यीस्ट, त्याच्या बायकोचं, कार्मेलीनचं. घरी बिअर केली की तळाचं यीस्ट ती पुढच्या खेपेसाठी राखून ठेवायची. अशी वीस वर्षं. गेल्या नाताळाआधी ती गेली, बाटली फ्रीजमध्ये राहिली. आता पुढच्या महिन्यात लेकीचं लग्न होतं, आणि पोरीने बापाकडे एकच मागितलं होतं. आईची बिअर.

ब्रदरांनी विचारलं, कार्मेलीन गेली तेव्हा बाटलीत एवढंच होतं का.

छे, गळ्यापर्यंत भरलेली होती, रॉकी म्हणाला. मग मोठ्या तोऱ्यात सांगायला लागला. दर रविवारी चर्चमधल्या मिसाहून आला की तो एक चमचा काढायचा, कोमट साखरपाण्यात सोडायचा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं बसायचा. फेस आला की यीस्ट जिवंत. एक रविवार म्हणून चुकवला नव्हता.

"यायचा फेस?"

"दर वेळी. हल्ली जरा कमी."

"मग त्याचं काय केलंस?"

"ओतून दिलं. तपासलेला नमुना परत बाटलीत टाकत नाहीत, ब्रदर. नियम आहे तसा."

ब्रदरांनी बाटली उचलून तळाला उरलेला गाळ त्याच्यासमोर धरला. शहाण्या माणसाला आपला गाढवपणा उमजायला वेळ लागतो, पण उमजला की तो पार खचतो. रॉकीचे कान लाल झाले.

"म्हणजे मीच ओतून ओतून संपवलं ते."

ब्रदर आत गेले. पातेल्यात कोमट साखरपाणी घेऊन आले, तान्ह्याच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं मनगटावर बघितलं आणि बाटली रॉकीच्या हातात दिली.

"घाल."

"नाही आला फेस तर तिचं काहीच उरणार नाही माझ्याकडे."

"घाल, बाळा."

त्याने घातलं. ब्रदरांनी वर फडकं झाकलं.

दहा मिनिटं झाली. रॉकीने फडकं उचलून बघितलं. काही नाही. तो उठला, पातेलं घेतलं आणि सवयीने मोरीकडे वळला.

ब्रदरांनी पातेल्यावर हात ठेवला.

"दहा मिनिटं तुझी झाली. त्याची नाही झाली."

मग त्यांनी त्याला जेवायला बसवलं. जेवता जेवता विचारलं, एवढा वेळ कार्मेलीन काय करायची. रॉकी आठवत राहिला. झाकून ठेवायची आणि विसरून जायची, म्हणाला. भांडी घासायची, मिसाची गाणी बेसूर गायची, मी डोकावलो की पळी उगारायची. वर्षभरात तो तिच्याबद्दल इतकं कुणाशी बोलला नव्हता. बोलता बोलता दोनदा हसलासुद्धा.

चारच्या सुमाराला ब्रदरांनी फडकं काढलं.

कडेला एक बुडबुडा होता. रॉकी श्वास धरून बघत होता. दुसरा आला. मग हळूहळू पातेल्याच्या काठाने पांढरट फेस धरला.

रॉकी रडला. अगदी लहान मुलासारखा रडला, आणि ब्रदरांनी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळाने त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"आहे ना, ब्रदर? नक्की जिवंत आहे ना?"

ब्रदरांनी साखरेचा डबा त्याच्या हातात दिला.

"भुकेल्याला असं विचारत नाहीत, रॉकी. खायला घालतात."