नाजूक आणि ठोकळा

हे कुणाला सांगू नकोस, असं मृण्मयीताईनं मला बजावलं होतं. कॉम्प्युटरमधली अक्षरं बोलत, तेव्हाची गोष्ट. ताई आजोबांसाठी गोळ्यांच्या वेळा दाखवणारं ॲप बनवत होती. निवडायला दोन फॉन्ट उरले होते, नाजूक आणि ठोकळा.

"जाड्या, तू दुकानाच्या पाटीवर शोभशील," नाजूक म्हणाला.

"शोभेन. पण मोबाईलवर तू दिसशील का?"

लहान झालो की आपण पुसट होतो, हे नाजूकला ठाऊक होतं. तरी तो ताईपुढे ऐटीत मिरवला. ताईनं मोठ्या पडद्यावर पाहून त्यालाच निवडलं.

आजोबांनी मोबाईल जवळ धरला, लांब धरला. गोळी चुकलीच. "माझेच डोळे गेले गं," ते म्हणाले.

"नाही आजोबा, मीच..." नाजूक पुटपुटला, पण तेही त्यांना कळलं नाही. पुढे ताईनं ठोकळा लावला, तरी डोळेच गेले म्हणत आजोबा मोबाईल उघडतच नाहीत. म्हणून रोज मीच त्यांना गोळ्यांच्या वेळा वाचून... आले गं ताई.