काडीपैलवान फ्यूज

मोटार फक्त वरातीला बाहेर निघायची, त्या काळची ही गोष्ट बरं का. आमच्या पेठेतल्या गुंडोपंतांच्या जुन्या मोटारीचा हॉर्न भलता तोंडाळ. तो फ्यूजला डिवचायचा, "काय रे काडीपैलवान, जरा भार आला की मेलास! तुझ्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तो चकचकीत कागद, बसवली की कटकट मिटेल."

"चांदी जळणार नाही, दादा. मग दुसरं काहीतरी जळेल," फ्यूज म्हणे.

एका लग्नात हौशी मंडळींनी मोटारीवर दिव्यांच्या माळा चढवल्या आणि सगळ्या त्याच जुनाट वायरीला जोडल्या. नवरा-नवरी आत बसली, वरात निघाली आणि ऐन चौकात फ्यूज उडाला. दिवे गेले, हॉर्न मुका झाला.

"पंत, चांदी गुंडाळा आणि चला!" वऱ्हाडी ओरडले.

"थांबा, आधी बघू तरी."

पंतांनी बॉनेट उघडलं. पेट्रोलच्या नळीला टेकलेल्या वायरीचं आवरण वितळून धुरकट वास येत होता. त्यांनी नवरा-नवरीला हात देऊन खाली उतरवलं.

वरात पायीच गेली, वाजतगाजत. दुसऱ्या दिवशी नवी वायर आली आणि नवा फ्यूजही आला. हॉर्न हळूच म्हणाला, "या फ्यूजराव, आधी तुम्ही बसा. मग मी वाजतो."